खाटा मोजणाऱ्या बाई

आयसीयूत खाट रिकामी नाही, रुग्णाला मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवा, असे रात्री-अपरात्री ज्यांना ऐकावे लागले आहे त्यांना पुढचा क्रम ठाऊक असतो. रुग्णवाहिका शोधायची, ऑक्सिजनचा सिलिंडर संपायच्या आत पोहोचायचे, तिथे केसपेपर काढायचा. कधी रुग्ण वाचतो. कधी दाखल झाल्यावर काही तासांतच दगावतो. हा मृत्यू ज्या रुग्णालयात झाला त्याच्या खात्यावर पडतो. ज्याने रुग्णाला बाहेर पाठवले त्याच्या नोंदवहीत तो माणूस घरी सोडलेल्यांच्या किंवा दुसरीकडे पाठवलेल्यांच्या रकान्यात जिवंतच असतो. महिनाअखेर दोन्ही रुग्णालयांचे मृत्युदर शेजारी-शेजारी मांडले तर कोण चांगले दिसेल, हे सांगायला नको.

ही तक्रार नवी नाही. १८६३ साली छापलेल्या एका पुस्तकात ती जवळजवळ याच अर्थाने केलेली आहे, आणि करणाऱ्या बाईंचे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून माहीत आहे: फ्लॉरेन्स नाइटिंगेल. फक्त ते नाव आपण हातातल्या दिव्याशी जोडतो, मृत्युदराच्या कोष्टकांशी नाही. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस परिचारिका दिन म्हणून साजरा होतो, तेव्हाही भाषणांत दिवाच असतो. त्या रात्री दिवा घेऊन फिरत, हे खरे आहे. पण आयुष्यातली फार तर दोन वर्षे त्यांनी युद्धाच्या इस्पितळात काढली. उरलेली पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी एकाच प्रश्नामागे घालवली. इस्पितळात माणूस आणून टाकल्यावर तो जगण्याची शक्यता वाढते की कमी होते, आणि हे मोजायचे कसे?

१८२० साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात तिचा जन्म झाला, म्हणून नावही तेच ठेवले. घर श्रीमंत होते. इंग्लंडमध्ये डर्बीशायर आणि हॅम्पशायर अशा दोन ठिकाणी कुटुंबाचे वाडे होते. वडिलांनी दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास स्वतः शिकवला. धाकटीला मात्र गणित हवे होते, आणि त्यासाठी तिला घरात हट्ट धरावा लागला. आपल्याला ईश्वराने सेवेसाठी बोलावले आहे असे तिला सतराव्या वर्षाच्या आतच वाटू लागले होते. रुग्णसेवेचा विचार तिने बोलून दाखवला तेव्हा घरात आकांत झाला. त्यात नवल नव्हते. त्या काळी इंग्लंडच्या इस्पितळात नर्स म्हणून राबणारी बाई म्हणजे दुसरे कुठलेच काम न मिळालेली, बहुधा दारूच्या आहारी गेलेली, अशीच सर्वांची समजूत होती. मग ही मुलगी पहाटे उठून मेणबत्तीच्या उजेडात इस्पितळांचे आणि आरोग्याचे सरकारी अहवाल वाचू लागली आणि आकडे वहीत उतरवू लागली. एका सज्जन, बुद्धिमान गृहस्थाची मागणी तिने बराच काळ विचार करून नाकारली. १८५१ साली जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कैसरस्वर्थ इथल्या संस्थेत तीन महिने प्रशिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर आजारी स्त्रियांसाठी असलेल्या एका लहानशा इस्पितळाची व्यवस्था तिच्या हाती आली.

तिथे तिने केलेल्या मागण्या पाहण्यासारख्या आहेत. गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर यावे. जेवण वर चढवायला दोराचा पाळणा असावा. प्रत्येक रुग्णापाशी घंटी असावी आणि कोणाची वाजली ते नर्सला लगेच दिसावे. या तिन्हींच्या मागे हिशेब एकच होता: नर्सने जिने चढण्या-उतरण्यात घालवलेला वेळ हा रुग्णाच्या उशापासून काढून घेतलेला वेळ असतो. आजच्या कुठल्याही वॉर्डातल्या सिस्टरला विचारा, ती हेच सांगेल. औषध आणायला, रक्ताच्या नळ्या पोहोचवायला, फॉर्मवर सही घ्यायला जाणारा वेळ कुठल्याही नोंदवहीत दिसत नाही.

पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले. जखमी आणि आजारी सैनिकांना बोटीत घालून काळ्या समुद्रापलीकडे, कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या स्कुटारी गावी आणत. तिथे तुर्कांच्या एका अवाढव्य बराकीचे इस्पितळ केलेले होते. तिथल्या हालांच्या बातम्या टाइम्समध्ये येऊ लागल्यावर लंडनमध्ये गदारोळ उठला, आणि युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी नाइटिंगेलबाईंना पाठवायचे ठरवले. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी त्या ३८ परिचारिकांना घेऊन तिथे उतरल्या. पहिले काही दिवस लष्करी डॉक्टरांनी त्यांना वॉर्डात पाऊल ठेवू दिले नाही. मग इंकरमनच्या लढाईतल्या जखमींचे लोंढे येऊ लागले आणि नकार आपोआप गळून पडला.

बराकीत खाटांच्या रांगा मैलांत मोजाव्या लागत. दोन गाद्यांमध्ये जेमतेम दीड फुटाचे अंतर होते. खाली तुंबलेली गटारे, वर न उघडणाऱ्या खिडक्या. बाईंनी स्वयंपाकघर उभे केले, सैनिकांच्या बायकांना कामाला लावून धोबीखाना चालू केला, टाइम्सच्या निधीतून आणि स्वतःच्या पैशांतून कपडे, चमचे, पातेली विकत घेतली. डिसेंबरात आणखी शेकडो रुग्ण येणार असे कळले. इमारतीचा एक जळका, मोडका भाग दुरुस्त केल्याशिवाय त्यांना ठेवायला जागा नव्हती. सरकारी मंजुरीची वाट न पाहता बाईंनी सुमारे दोनशे मजूर लावले, पदरचे पैसे खर्च केले आणि आठशे रुग्णांची सोय करून दिली. लंडनमध्ये त्यांचे अपार कौतुक झाले. आजही एखाद्या अधिकाऱ्याने एका पंधरवड्यात आठशे खाटा वाढवल्या तर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छायाचित्र येईल.

खाटा वाढल्या, आणि मृत्यूही वाढले. जानेवारीपेक्षा फेब्रुवारी वाईट गेला. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेतलेल्या दर शंभर रुग्णांमागे ४२.७ जण दगावले, असा हिशेब पुढे बाईंनीच मांडला. माणसे गोळीने नव्हे, तर हगवण, कॉलरा आणि तापाने जात होती. रणभूमीजवळच्या तंबूंतल्या, दिसायला त्याहून गैरसोयीच्या इस्पितळांपेक्षा स्कुटारीतले मरण मोठे होते.

मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. त्यात डॉ. जॉन सदरलँड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन होते. त्यांनी रोग्यांकडे नव्हे, जमिनीकडे पाहिले. गटारे उपसून धुतली, ढीगच्या ढीग कचरा आणि मेलेली जनावरे हलवली, खिडक्या उघडतील अशा केल्या, भिंतींना चुना दिला. इस्पितळाला पाणी आणणाऱ्या पाटात घोडा मरून पडलेला सापडला. जूनमध्ये तोच दर २.२ वर आला. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. त्या चार महिन्यांत हिवाळा सरला होता, रुग्णांची गर्दी ओसरली होती, सैनिकांना कपडे आणि अन्न बरे मिळू लागले होते. सगळे श्रेय गटारांना देता येत नाही. पण त्याहूनही कमी श्रेय औषधांना देता येते, कारण औषधे फेब्रुवारीत आणि जूनमध्ये तीच होती.

त्याच उन्हाळ्यात बाई स्वतः तापाने अंथरुणाला खिळल्या, मरता मरता वाचल्या. तो बहुधा ब्रुसेलोसिस असावा. या आजाराने पुढे अनेक वर्षे त्यांचा पिच्छा सोडला नाही. १८५६ च्या ऑगस्टमध्ये त्या मिरवणुका टाळून गुपचूप घरी परतल्या आणि मेलेल्या सैनिकांच्या याद्या घेऊन बसल्या.

सोबत होते विल्यम फार. एका शेतमजुराचा हा मुलगा इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात आकडेवारीचा प्रमुख झाला होता. दोघांनी मिळून महिनावार, इस्पितळवार आकडे लावले, तेव्हा स्कुटारीचे खरे रूप कागदावर उतरले. काही चरित्रकारांचे म्हणणे असे, की आपण ज्या इस्पितळात रात्रंदिवस राबलो तेच सर्वांत जीवघेणे होते हे बाईंना तेव्हाच पुरते उमगले, आणि १८५७ मध्ये त्या कोसळल्या त्याचे कारण हे होते. इतर अभ्यासकांना हे पटत नाही. त्या कोसळल्या आजाराने, असे ते म्हणतात. मला या वादात कौल देण्याची गरज वाटत नाही. त्यांनी आकडे लपवले नाहीत, एवढे कागदोपत्री आहे. उलट १८५८ मध्ये त्यांनी ते रंगीत आकृतीत छापले. वर्तुळाचे बारा महिन्यांचे बारा पाचर, त्यात निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्यापुढे तांबडा अगदी किरकोळ दिसतो. मंत्री कोष्टके वाचत नाहीत, चित्रे पाहतात, हे त्यांना चांगले कळत होते. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

यानंतर त्या क्वचितच घराबाहेर पडल्या. बहुतेक काम त्यांनी पलंगावर पडून केले. मंत्री, अभियंते, वास्तुविशारद, हिंदुस्थानात नेमणूक झालेले अधिकारी त्यांच्याकडे येत, आणि त्याही एकेकालाच भेटत.

इस्पितळांवरचे त्यांचे पुस्तक, 'नोट्स ऑन हॉस्पिटल्स', १८५९ मध्ये आले आणि १८६३ मध्ये बरेचसे नव्याने लिहून पुन्हा छापले गेले. इस्पितळाने आधी रोग्याचे नुकसान करता कामा नये, या साध्या वाटणाऱ्या अपेक्षेने ते सुरू होते. मग खाट म्हणजे काय, याचा बारीक हिशेब येतो. लोखंडी पलंग आणि गादी म्हणजे त्यांच्या लेखी खाट नव्हे. तिच्याभोवती किती घनफूट हवा हवी, दोन खाटांमागे किती खिडक्या हव्यात, समोरासमोर वारा वाहायला हवा म्हणून वॉर्ड किती रुंद असावा, सगळे रुग्ण एका नजरेत दिसावेत म्हणून सिस्टरची खोली कुठे असावी, हे सारे मिळून एक खाट होते. आपल्याकडे जुन्या सरकारी रुग्णालयांत उंच छताचे, दोन्ही बाजूंना खिडक्या असलेले लांबलचक वॉर्ड दिसतात, ते याच विचाराच्या परंपरेतले. त्या खिडक्यांना आता बऱ्याच ठिकाणी प्लायवूड ठोकलेले असते, ही गोष्ट वेगळी.

त्याच पुस्तकात एक छोटी नोंद आहे, जी अतिदक्षता विभागाचा इतिहास लिहिणारे आवर्जून शोधून काढतात. गावाकडच्या लहान इस्पितळांत शस्त्रक्रियेच्या खोलीला लागून एक लहानशी खोली असते, शस्त्रक्रियेचा पहिला धक्का ओसरेपर्यंत रुग्णाला तिथेच ठेवतात, असे त्या सांगतात. सर्वांत नाजूक अवस्थेतल्या माणसांना एकत्र आणि नजरेखाली ठेवायचे, ही कल्पना तेव्हा एवढीच होती. तिचा अतिदक्षता विभाग व्हायला आणखी नव्वद वर्षे जावी लागली.

ते कोपनहेगनमध्ये घडले. १९५२ च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडाम इस्पितळात येऊ लागले, आणि अख्ख्या इस्पितळात 'आयर्न लंग' एक, तर छातीवर बसवायची छोटी यंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने मग घशाला छेद देऊन नळी घालायचा आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायचा मार्ग काढला. यंत्रे नव्हती, हात होते. वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय शाखेचे सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळ्या लावून, एकेका रुग्णाच्या उशाशी बसून पिशवी दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. जगातल्या पहिल्या आधुनिक आयसीयूत सगळ्यांत विपुल वस्तू होती ती माणसे. आज व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी असे मानक सांगतात त्याचे कारण हेच. यंत्र श्वास देते. नळीत अडकलेला चिकटा ओढून काढणे, कूस बदलणे, घसरणारा रक्तदाब वेळेत ओळखणे हे तिला करावे लागते.

पुन्हा १८६३ कडे येऊ. नाइटिंगेलबाईंच्या नव्या आवृत्तीत एक कोष्टक होते. लंडनमधली २४ इस्पितळे घेतलेली. ८ एप्रिल १८६१ या दिवशी तिथे दाखल असलेले रुग्ण ४,२१४. वर्षभरात झालेले मृत्यू ३,८२८. म्हणजे मृत्युदर शेकडा ९०.८४. शेजारी जिल्ह्यांच्या गावांतली २५ मोठी इस्पितळे: रुग्ण २,२४८, मृत्यू ८८६, दर ३९.४१. निष्कर्ष वाचणाऱ्याच्या मनात आपोआप उमटतो. लंडनच्या इस्पितळात जाल तर दहातले नऊ जण मराल, त्यापेक्षा खेड्यातले बरे.

लंडनचे डॉक्टर खवळले, आणि त्यांचे खवळणे योग्य होते. वर्षभराच्या मृत्यूंना एका दिवसाच्या रुग्णांनी भागले होते. एका खाटेवर वर्षभरात समजा दहा रुग्ण येऊन गेले, तर शंभर खाटांमागे नव्वद मृत्यू म्हणजे हजार रुग्णांमागे नव्वद, शेकडा नऊ. खाट जितक्या लवकर रिकामी होऊन दुसऱ्याला मिळेल, तितका या पद्धतीने मृत्युदर जास्त दिसेल. म्हणजे अधिक लोकांना उपचार देणारे इस्पितळ अधिक वाईट ठरणार! शिवाय लंडनमध्ये गंभीर रुग्ण आणि अपघात जास्त येत होते, ते वेगळेच. वैद्यकीय नियतकालिकांत वर्षभर वाद चालला. हे कोष्टक मुळात फार यांचे होते, आणि त्यांनी ते शेवटपर्यंत सोडले नाही. दोन्ही पद्धतींनी मोजा, एवढाच त्यांचा बचाव होता.

बाईंची ही मोठी चूक होती, असे मला वाटते. आकड्यांवर जिने आयुष्य वाहिले तिने भाजकाकडे डोळेझाक करावी हे खटकते. पण गंमत अशी, की आज आयसीयूत तोच भाजक काही कामांसाठी अगदी बरोबर मानला जातो. व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया आपण रुग्णांमागे मोजत नाही, दर हजार व्हेंटिलेटर-दिवसांमागे मोजतो, कारण धोका किती दिवस सोसला यावर तो अवलंबून असतो. प्रश्न काय विचारायचा आहे त्यावर भाजक ठरतो.

आणि ज्या पुस्तकात ही चूक आहे, त्याच पुस्तकात तिचा उताराही आहे. नुसत्या मृत्युदरावरून दोन इस्पितळांची तुलना करू नका, रुग्णांचे वय, लिंग, रोग आणि दाखल होतानाची अवस्था लिहा, असे बाईंनी बजावले होते. सुरुवातीला सांगितलेली तक्रारही तिथेच आहे. बरे न होणारे रुग्ण एक इस्पितळ सोडून देते, ते दुसऱ्यात जाऊन एक-दोन दिवसांत मरतात, आणि पहिल्याचा दर दुसऱ्याच्या जिवावर सुधारतो, हे आपण प्रत्यक्ष पाहिले आहे, असे त्या लिहितात. १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांनी सर्व इस्पितळांसाठी एकच नमुना-तक्ता ठेवला होता. परिषदेने तो मान्य केला, लंडनच्या काही इस्पितळांनी भरूनही दाखवला. मग तो फार किचकट आहे म्हणून मागे पडला. रुग्ण आला तेव्हा किती आजारी होता हे मोजून अपेक्षित मृत्यू काढायची पद्धत, 'अपाची' नावाची, आयसीयूंत १९८१ नंतर रुळली.

आपल्याकडे हा प्रश्न जिवंत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४. महाराष्ट्र हादरला. दोन्ही वेळा प्रशासनाकडून सांगितले गेले, की अनेक रुग्ण इतरांकडून अखेरच्या अवस्थेत आले होते. हे खरे असू शकते, आणि औषधे व माणसे कमी होती हेही त्याच वेळी खरे असू शकते. कुठले किती खरे हे ठरवायला प्रत्येक रुग्ण कुठून आला, कोणत्या अवस्थेत आला, पहिल्या रुग्णालयाने कधी आणि का पाठवले, ही नोंद दोन्हीकडे असावी लागते. ती नसेल तर एक बाजू सबब सांगते आणि दुसरी आरोप करते, आणि कोणालाच काही सिद्ध करता येत नाही.

स्वतःच्या कामाला त्यांनी हाच नियम लावला होता, याचा एक दाखला आहे. परिचारिकांच्या शिक्षणासाठी सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये सुरू केलेली शाळा सर्वांना माहीत असते. लंडनच्याच किंग्ज कॉलेज रुग्णालयात १८६२ मध्ये त्यांच्या निधीतून सुरू झालेला सुइणींच्या प्रशिक्षणाचा प्रसूती वॉर्ड फारसा कोणाला माहीत नसतो. गरीब बायकांना तिथे मोफत खाट मिळे. काही वर्षांत बाळंतज्वराने मृत्यू होऊ लागले, आणि १८६७ मध्ये तो वॉर्ड बंद करण्यात आला. बाईंनी मग देशोदेशींचे आकडे जमवले. एका फ्रेंच डॉक्टरने गोळा केलेल्या आकड्यांत इस्पितळांतल्या ८,८८,३१२ बाळंतपणांत ३०,५९४ आया मेल्या होत्या, म्हणजे २९ मध्ये एक. घरच्या ९,३४,७८१ बाळंतपणांत ४,४०५, म्हणजे २१२ मध्ये एक. चांगल्या हेतूने दिलेली मोफत खाट गरीब बाईला तिच्या अंधाऱ्या खोलीपेक्षा धोक्याची ठरत होती. १८७१ मध्ये त्यांनी हे सगळे पुस्तकात छापले, आपल्या वॉर्डाच्या हकिगतीसह.

गरिबांच्या इस्पितळांविषयी त्यांचे दुसरे काम याच्या उलट दिशेचे होते. तिथे खाटा होत्या, पण हात नव्हते. लिव्हरपूलच्या अनाथ-दरिद्री आश्रमाच्या दवाखान्यात बाराशेच्या वर रोगी होते आणि त्यांची शुश्रूषा आश्रमातल्याच दरिद्री बायका करत. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने पैसा दिला, आणि १८६५ मध्ये बाईंच्या शाळेतून बारा प्रशिक्षित परिचारिका घेऊन अ‍ॅग्नेस जोन्स तिथे गेली. तीन वर्षांत ती टायफसने वारली. वय पस्तीस. लंडनसाठी १८६७ मध्ये कायदा झाला आणि आजारी दरिद्री माणसांना आश्रमापासून वेगळे करून, करातून चालणारी इस्पितळे उभी राहू लागली. त्यात बाईंनी मागितले होते त्याहून बरेच कमी होते, पण आजारी माणूस हा आधी आजारी आणि मग गरीब, ही त्यांची भूमिका कायद्यात शिरली.

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. तरी १८५९ पासून इथल्या छावण्यांना छापील प्रश्नावल्या पाठवून त्यांनी माहितीचे डोंगर जमवले. इथल्या गोऱ्या फौजेत दर हजारी वर्षाला ६९ सैनिक मरतात, हे त्या आयोगाच्या १८६३ च्या अहवालातून पुढे आले. सुरुवात गोऱ्या सैनिकांपासून झाली, पण छावणीच्या भिंतीबाहेरचे गाव घाण असेल तर छावणी स्वच्छ राहणार नाही हे त्यांना लवकर कळले, आणि त्या पाणी, दुष्काळ, शेतकऱ्याचे कर्ज इथपर्यंत पोहोचल्या. मुंबई इलाख्यातल्या खेड्यांच्या स्वच्छतेच्या कायद्याचा प्रश्न निघाला तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार झाला.

शेवटच्या वर्षांत दृष्टी गेली, मग स्मृतीही. १९०७ मध्ये 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा मोठा किताब मिळाला तेव्हा तो कशासाठी हे त्यांना नीट उमगण्याची अवस्था राहिली नव्हती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन करण्याची तयारी होती; त्यांच्या इच्छेनुसार घरच्यांनी नकार दिला. हॅम्पशायरमधल्या गावच्या चर्चच्या आवारात कुटुंबाच्या दगडावर त्यांची फक्त आद्याक्षरे आणि दोन तारखा आहेत.

एकशे दहा वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, लंडनच्या एका प्रदर्शन केंद्रात कोरोनाच्या रुग्णांसाठी तात्पुरते अतिदक्षता रुग्णालय उभे राहिले. आपल्याकडे वांद्रे-कुर्ला संकुलात आणि गोरेगावच्या नेस्को मैदानात जंबो केंद्रे उभी राहिली, तोच हा काळ. लंडनच्या रुग्णालयाची क्षमता चार हजार खाटांपर्यंत नेता येईल असे जाहीर झाले, आणि नाव नाइटिंगेल यांचेच दिले. नऊ दिवसांत बांधलेल्या त्या रुग्णालयात पहिल्या लाटेत पन्नासच्या थोडे वर रुग्णांवर उपचार झाले. एक कारण असे, की शहरातल्या जुन्या रुग्णालयांनी आपले आयसीयू वाढवून बहुतेकांना सामावून घेतले. दुसरे कारण त्या दिवसांच्या बातम्यांत आले होते. तिथे पाठवू पाहिलेले काही रुग्ण परत फिरवावे लागले, कारण खाटा आणि व्हेंटिलेटर होते, पण ते चालवायला अतिदक्षतेचे शिक्षण घेतलेल्या परिचारिका पुरेशा नव्हत्या. मे महिन्यात ते बंद करून राखीव ठेवण्यात आले.